पहिली मोळी

आमच्या चुलीच्या धुराची काळजी साऱ्या जगाला लागली आहे, हे मला पंचाहत्तरी गाठल्यावर कळलं. तोवर ती काळजी आमची आम्हालाच होती. सासूबाई खोकून खोकून गेल्या. माझ्या डाव्या डोळ्यावर पडदा आला. सून रूपाली भाकरी टाकताना पदर नाकात कोंबून बसते. इतक्या वर्षांत कुणी दारात येऊन विचारलं नाही, की बाई, तुझ्या घरात धूर किती होतो. विचारलं तेव्हा ते आभाळाच्या वतीने विचारलं.

माघ सरत आला होता. नाल्याकाठच्या वावरात आम्ही पऱ्हाटी उपटत होतो. कापसाची शेवटची वेचणी होऊन गेली होती आणि झाडं वाळून काळी पडली होती. रूपाली आणि हमीदा दोघी चिमट्याने उपटत होत्या. लोखंडी चिमटा बुडाशी धरायचा, दांड्यावर सारं अंग टाकायचं, मग झाड मुळासकट मातीतून सुटतं. सुटताना अंगाला जो हिसका बसतो, तो कमरेत साठत जातो. मी चाळीस वर्षं उपटली. आता माझ्याने होत नाही. मी मागून गोळा करत जाते, मुळं झटकते, रचून गंज घालते. वाळलेल्या बोंडांची टोकं पोटऱ्यांना ओरबाडतात, रक्त येतं, त्याच्यावर माती बसते, की ते आपोआप थांबतं.

हमीदा गादीवाल्या अय्युबची बायको. तिचं घर आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत. तिच्या सासूबरोबर मी हेच वावर साफ करत असे.

या कामाला मजुरी नव्हती, कधीच नव्हती. वावर साफ करणाऱ्या बाईची पऱ्हाटी, असा आमच्याकडचा रिवाज. मालकाला रान मोकळं मिळायचं, बाईला दिवाळीपर्यंतचं सरपण. शेवटच्या दिवशी मालक स्वतः वावरात यायचा, स्वतःच्या हाताने पहिली मोळी बांधायचा आणि बाईच्या डोक्यावर ठेवायचा. तेव्हाचे मालक सुकदेव आबा. मोठा गडी, पण मोळी ठेवताना वाकायचा. ‘संभाळ वं माय,’ म्हणायचा. मोळी डोक्यावर आली की वावरातली काडीन् काडी बाईची. एका साली आबांच्या भावाने वीटभट्टीसाठी सारी पऱ्हाटी मागितली होती. घरात भांडण लागलं. आबा एवढंच म्हणाले, ‘मी मोळी ठेई दिन्ही.’ भांडण तिथेच मिटलं.

आता वावर त्यांच्या मुलाकडे, शालिग्रामकडे आहे. आम्ही त्याला नाना म्हणतो. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. मी त्याला उघडा पळताना पाहिलाय, पण मालक म्हटल्यावर नाना म्हणावंच लागतं.

त्या दिवशी दुपारी नाना मोटारसायकलवर आला. मागे त्याचा भाचा तेजस बसला होता. हा धुळ्याला, देवपुरात शिकलेला. हरितप्राण नावाच्या कुठल्याशा प्रकल्पात लागला होता. अंगात हिरवा सदरा, छातीवर पान काढलेलं.

नाना बांधावरून म्हणाला, “अक्का, यंदा पऱ्हाटी घर लई जावानी नही. वावरमांच गंज घाला. कंपनीना ट्रॅक्टर यी.”

रूपाली चिमट्यावर वाकलेली तशीच थांबली.

“कसाले?” मी म्हटलं.

“यंत्रमां दळतीन. गोया बनाडतीन. मंग त्या वीजना कारखानामां कोयसासंगे जाळतीन.”

“म्हंजे जाळतीनच ना?”

“जाळतीन.”

“मंग आम्ही काय करतस?”

तेजस पुढे आला. शिकलेली माणसं आपल्याशी बोलताना आवाज जरा मऊ करतात, आजारी माणसाशी बोलल्यासारखा. तो म्हणाला, “अक्का, तसं नाही. तुम्ही चुलीत जाळता तो धूर वातावरणात वाया जातो. तिथे त्याच धुराची वीज होते. तेवढा कोळसा वाचतो. मग परदेशातली कंपनी त्याचे पैसे देते, कारण तिला तिकडे धूर करायचा असतो.”

“तिले तिकडे धूर करना ऱ्हास?” हमीदाने विचारलं.

“हो, म्हणजे... तेवढी सूट मिळते.”

“मंग मना धूर त्या लई गयात म्हन ना.” हमीदाने कपाळावरचा घाम पुसला. “धूरमां बी लहान-मोठं शे का नाना?”

नाना हसला नाही. “तुम्हले फुकट काम नही सांगत. रोज देसू,” म्हणाला.

“रोज चूलमां घालता येस का?” मी म्हटलं.

तेजसने मला मोबाइल दाखवला. म्हणाला, सगळ्या देशांची दरवर्षी बैठक भरते, तिथे हे ठरतं. मी एक डोळा मिटून पाहिलं. भलं मोठं दालन, शेकडो माणसं, सगळ्यांच्या अंगात कोट. मी विचारलं, हे कोणतं गाव. तो म्हणाला, वाळवंटातलं आहे, तिकडे आपल्यापेक्षा ऊन. वाळवंटात कोट घालून बसायचं, म्हणजे ते दालन केवढं गार करावं लागत असेल. मी मोबाइल परत दिला.

आम्ही वावर साफ केलं. काम अर्धवट टाकून जायची आम्हाला सवय नाही. वावराच्या कडेला गंज घातला. शेवटच्या दिवशी मी उगाच रेंगाळले. नाना मोळी बांधायला येईल असं मला वाटलं नव्हतं, तरी रेंगाळले. आला नाही. रिकाम्या डोक्याने घरी जाताना मान हलकी लागत होती, आणि ते बरं वाटत नव्हतं.

घरात गॅसची टाकी आहे. ती कोपऱ्यात उभी असते आणि तिच्यावर पिठाचा डबा असतो. जितेंद्र, माझा मुलगा, रावेरकडे केळीच्या ट्रका भरतो. पंधरा दिवसांनी येतो. त्याच्या कमाईत टाकी वर्षातून एखाद्या वेळी भरते. ती पाहुण्यारावळ्यांच्या चहाला पुरवून वापरायची. बाकी सगळं चुलीवर.

त्यानंतरचे दिवस सरपण हुडकण्यात गेले. रूपाली सकाळी कामावर जायच्या आधी नाल्यात उतरायची, बाभळीच्या काटक्या मोडायची. एक काटा तिच्या तळहातात मोडला, हात सुजला, दोन दिवस भाकरी थापता येईना. मी थापल्या. मी आणि हमीदा रस्त्याने शेण वेचत फिरायचो. आमच्या तरुणपणी गुरं इतकी होती की शेण नको व्हायचं. आता ट्रॅक्टरच्या मागे फिरून काय मिळणार. एका संध्याकाळी रूपालीने चपलेचा तुटका तळवा चुलीत सारला. त्याचा वास भाकरीला लागला. तशीच खाल्ली.

मग शाळेच्या पटांगणात चुली वाटल्या. पत्र्याच्या, गोल, आत छोटा पंखा. त्यात काटकी चालत नाही, गोवरी चालत नाही, त्याच गोळ्या लागतात. आमच्यासारख्याच कुण्या बायकांची पऱ्हाटी दळून केलेल्या गोळ्या. पहिली पिशवी फुकट, पुढच्या विकत. पंखा चार्ज करावा लागतो आणि आमच्याकडची वीज नेमकी भाकरीच्या वेळेला जाते. हमीदा चूल उलटीपालटी करून म्हणाली, “खेळणं झकास शे. पोऱ्या लहान व्हतात तव्हा काबरं नही दिन्ह?”

वाटपाला एक अट होती. नवी चूल घेणाऱ्या बाईने जुनी चूल स्वतःच्या हाताने फोडायची आणि तेजसने त्याचा फोटो काढायचा. रूपालीचं तोंड उतरलं. चूल मी घातलेली, पांढऱ्या मातीची, लग्नानंतर तिने दर सणाला सारवलेली. मी तिला मागच्या अंगणात नेलं. तिथे पाणी तापवायचं जुनं चुलवण होतं, एका बाजूने पावसाने ढासळलेलं. तिने त्याच्यावर टिकाव घातला. तेजसने फोटो काढला. आमच्या गल्लीत त्या दिवशी झाडून सारी चुलवणं फुटली. तेजस काही खुळा नव्हता. त्याला फोटो हवे होते, ते मिळाले. कागदावर आमचं गाव बिनधुराचं झालं.

गोळ्यांची पिशवी संपली. पत्र्याच्या चुलीत रूपालीने लसूण ठेवायला सुरुवात केली.

फाल्गुनात नाना आमच्या दारात आला. सुकदेव आबा गेल्यापासून त्या घरातला मालक माझ्या दारात आलेला मला आठवत नाही. तो ओट्याच्या कडेला टेकला.

“अक्का, प्रकल्पना मोठा साहेब ई ऱ्हायना. परदेशना. वावरमां जेवन शे. तुना हातनं भरीत पाहिजे.”

माझ्या हातचं भरीत पाहिजे, हे तो खरं बोलत होता. आबांच्या वेळी वावरात भरिताची पंगत बसायची तेव्हा मीच करत असे. भरताची ती मोठी, पोपटी, पांढऱ्या रेघांची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची. मिरच्या, लसूण, कांद्याची पात. बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. जाळ पऱ्हाटीचाच लागतो. तो भपकन् चढतो, साल करपवतो आणि आतला गर शिजेपर्यंत बसतो. दुसऱ्या कशावरही भाजलं तर ते वांग्याची भाजी होते, भरीत होत नाही. आमच्याकडे पाहुण्याला तसं वाढलं तर त्याचा पाणउतारा केला असं धरतात.

मी म्हटलं, येते.

ठरल्या दिवशी मी, रूपाली आणि हमीदा सकाळीच वावरात गेलो. गंज तसाच होता, कंपनीचा ट्रॅक्टर अजून आला नव्हता. निंबाखाली सतरंज्या घातल्या होत्या. एक कापडी फलक बांधला होता, त्याच्यावर हिरवी पृथ्वी काढलेली आणि तिला हसरं तोंड. आम्ही कळण्याचं पीठ मळलं, कांद्याची पात निवडली, वांगी पुसून टोचून ओळीने मांडली. आणि हात धुऊन बसलो.

नाना आला. “पेटाडं नही अजून?”

“कसावर भाजू?” मी म्हटलं.

“समोर गंज शे ना.”

“तो कंपनीना शे. परकाना मालले मी हात लावत नही.”

तेजस घाईघाईने म्हणाला, “अक्का, थोडी घ्या की. कोण बघतंय?”

“तू बघी ऱ्हायना ना, भाऊ.”

त्याच्या कपाळावर घाम आला होता. एकीकडे त्याने कागदावर लिहून दिलं होतं की या गावात पऱ्हाटी जळत नाही. दुसरीकडे मामाने साहेबाला भरीत कबूल केलं होतं. तो म्हणाला, “मामा, मी एरंडोलहून गॅसची शेगडी मागवतो.”

नाना त्याच्यावर उसळला. “गॅसवरनं भरीत? पाव्हनाले? मना बापना वावरमां?” मग माझ्याकडे वळला. “अक्का, तुले पाहिजे काय ते सांग.”

“मोळी ठेव.”

“काय?”

“तुना बाप ठेवे तशी. आम्ही वावर साफ कयं. मोळी ठेव, मंग पेटाडसू.”

मोळी ठेवली की पऱ्हाटी कुणाची होते, ते नानाला सांगायची गरज नव्हती. त्याच्या बापाला ठेवताना त्याने लहानपणी दरवर्षी पाहिलं होतं. त्याने रस्त्याकडे पाहिलं. तिकडून धूळ उठत होती. तीन मोठ्या गाड्या येत होत्या.

“हाई बरं नही अक्का,” तो हळूच म्हणाला.

“वांगा टोची ठेयेल शेत,” हमीदा म्हणाली. “वारा लागी त सुकतीन.”

गाड्या बांधाशी थांबल्या. माणसं उतरली, पण गाड्यांची इंजिनं बंद झाली नाहीत. आतल्या गारव्यात ड्रायव्हर झोपून राहिले आणि सगळं जेवण होईपर्यंत त्या गाड्या तिथे घुरघुरत उभ्या होत्या. साहेब उंच होता, मान उन्हाने लाल झालेली. बरोबर दुभाषी पोरगी होती, पुण्याची, हातमागाची साडी नेसलेली. एकजण कॅमेरेवाला, दोघं-तिघं आणखी.

ते निंबापर्यंत आले तेव्हा नाना पऱ्हाटीच्या गंजाशी वाकलेला होता. त्याने मोळी बांधली. धड बांधता आली नाही, काड्या निसटत होत्या, रूपालीने दोर ओढून गाठ मारून दिली. मग त्याने ती उचलली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. ‘संभाळ’ म्हणाला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

दुभाषी पोरीने विचारलं, “हे काय चाललंय?”

तेजसने एकवार माझ्याकडे पाहिलं, एकवार वांग्यांकडे. “ही... ही आमच्याकडची जुनी परंपरा आहे. शेतमालक स्त्रीला मोळी अर्पण करतो. मग वर्षातून एकदाच अग्नी पेटवतात. प्रतीकात्मक. त्यावर प्रसाद करतात.”

तिने साहेबाला ते इंग्रजीत सांगितलं. साहेबाने टोपी काढली आणि हात जोडले. माझ्या डोक्यावर मोळी, केसांत मातीचे कण उतरताहेत, आणि समोर हा माणूस मला हात जोडून उभा. मी इतकी वर्षं मोळ्या वाहिल्या, पण असं कुणी केलं नव्हतं. हसू येऊ नये म्हणून मी खाली पाहिलं.

कॅमेरेवाला म्हणाला, त्याचं राहून गेलं, पुन्हा एकदा करता येईल का.

“करतीन ना,” मी म्हटलं. “यानी बारीले हमीदाना डोकावर.”

तेजस माझ्या जवळ आला. “अक्का, त्या नको. परंपरा सांगितलीय आपण. हमीदाभाभी फोटोत कशा...”

“वांगा भाजाले चालस मी,” हमीदा म्हणाली. “फोटूमां नही चालाव?”

“मना संगे तिनी बी वावर साफ कयं,” मी म्हटलं. “नाना, ठेव.”

साहेब हात जोडूनच उभा होता, कॅमेरा डोळ्याला लागला होता. नानाला थांबता येईना. त्याने दुसरी मोळी बांधली. ही आधीपेक्षा बरी बांधली गेली. ती हमीदाच्या डोक्यावर ठेवली. आधी रिवाज एका मोळीचा होता. त्या दिवशी दोन झाल्या.

मग मी पेटवलं.

पऱ्हाटी चांगली वाळली होती. जाळ कमरेएवढा उठला. वांगी तडतडू लागली, सालीचा करपट, गोडसर वास वावरभर पसरला. नाल्याकडून वारा आला आणि त्याने सारा धूर निंबाखाली नेला. आम्ही तिघी वाऱ्याकडे पाठ करून बसलो होतो. पाहुणे कुठे बसले ते आम्ही सांगायला गेलो नाही. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तो हातरुमालाने टिपत होता आणि तरी जागचा हलत नव्हता, कारण परंपरा चालू होती. दुभाषी पोरगी स्वतः डोळे चोळत तेजसला म्हणाली, “सर खूप हेलावून गेलेत.”

रूपाली भाकरी थापता थापता पदराआड हसत होती. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं.

साहेबाने भरीत तीनदा घेतलं. नाक ओढत, डोळे पुसत घेतलं. मग तेजसने आणून मांडलेल्या पत्र्याच्या चुलीजवळ उभा राहून त्याने फोटो काढून घेतला. ती चूल पेटलेली नव्हती. कुणाच्या ते ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच आम्ही पऱ्हाटी वाहायला लागलो. मी लहान मोळ्या नेत होते, पोरी मोठ्या. आमच्या भिंतीशी आणि हमीदाच्या भिंतीशी दोन उडव्या रचत होतो. चौथ्या खेपेला वावरात आलो तर नाना ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन उभा.

“अक्का, तो त देखावा व्हता,” तो म्हणाला. “पाव्हनाना समोर. तू बी काय धरी बसनी.”

“मोळी ठेई दिन्ही तू. दोनदाव.”

“मी कंपनीले आधीच सांगी दिन्हं.”

“तुना बाप असता ना, नाना...” मी म्हटलं. रूपाली आणि हमीदा गंजापुढे उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवाला दोघींकडे बघून खाली उतरलाच नाही. नाना मात्र पुढे आला. त्याने गंजावरची एक पेंडी उचलली आणि ट्रॉलीत फेकली. माझ्या डोळ्यांसमोर. मग दुसरी. बापाचा शब्द तो असा एकेक पेंडी करून ट्रॉलीत टाकत होता आणि मी बघत होते.

तेवढ्यात तेजसची मोटारसायकल धुळीतून आली. “मामा, थांबा. मामा, हात लावू नका.”

तो मोबाइल घेऊनच धावत आला. साहेबाने फोटो पाठवले होते. कुठकुठे पाठवले होते कोण जाणे. खाली लिहिलं होतं की स्त्रीला सरपण अर्पण करण्याची ही प्रथा जपली गेली पाहिजे. पुढच्या साली याहून मोठे साहेब येणार, त्यांना मोळी पाहायची आहे. दोन्ही बायकांसकट.

नानाने मोबाइल हातात घेतला. त्यात तो स्वतः होता, हमीदाच्या डोक्यावर मोळी ठेवताना, वाकलेला. त्याच्या बापासारखाच वाकलेला दिसत होता. त्याने बराच वेळ ते चित्र पाहिलं. मग ट्रॉलीत टाकलेल्या पेंड्या त्यानेच काढून परत गंजावर ठेवल्या आणि ट्रॅक्टर रिकामा पाठवला.

आबांना फोटो लागला नव्हता.

तेजस तोंडावरची धूळ पुसत म्हणाला, “पण अक्का, एक सांभाळा. वर्षातून एकदाच पेटवायचं. तसं लिहून गेलंय वर.”

हमीदाने चुंबळ डोक्यावर बसवली, मोळी उचलली, तोल सावरला.

“एकदावच पेटाडसूत, भाऊ,” ती म्हणाली. “मंग चूल इझू देनार नहीत.”

आणि ती घराकडे चालू लागली.